बोलण्यासमोरचा आकडा

माझ्या कागदावर सगळ्यात मोठा आकडा बोलण्यासमोर होता. ताकद दोन, चपळाई तीन आणि बोलणं आठ. तो कागद मी स्वतः निवडला हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर घरात सगळे म्हणत राहिले की पोरीने आईला बळेच बसवलं. बळेच कोणी बसवलं नाही. चार कागद पलंगावर पसरले होते. मी मेथी निवडता निवडता ते वाचले. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, वाचायला मला वेळ लागतो, पण वाचते. ज्या कागदावर बोलण्यासमोर आठ लिहिलेलं होतं तो उचलून मी मांडीखाली ठेवला. वर लिहिलं होतं, सौदागरीण.

आमच्या घरात माझी ओळख न बोलणारी अशीच आहे. लग्न होऊन कारंज्याला आले तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं की भासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, खुर्चीवर बसायचं नाही आणि त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. पुढे सासू गेली, जाऊ गेली. तेव्हापासून भासऱ्यांचं जेवण, चहा, बीपीची गोळी सगळं माझ्या हातून होतं, पण आमच्यात शब्द नाही. चहा ठेवला की मी कप बशीवर वाजवते. त्यांना मीठ पाहिजे असलं तर ते म्हणतात, "वरणात मीठ कमी दिसते," म्हणजे जसं काही वरणालाच सांगतात. तिसरं माणूस घरात असलं तर मी त्याला म्हणते, "त्यायले म्हना, डॉक्टरकडं जायाचं आहे." ते दोन हातांच्या अंतरावर बसलेले असतात, त्यांना ऐकू गेलेलं असतं, तरी तो तिसरा माणूस ते पुन्हा सांगतो आणि मग ते मान हलवतात. याला आमच्याकडे मान देणं म्हणतात. मीही इतकी वर्षं तसंच म्हणत आले.

या उन्हाळ्यात भासरे स्कूटीवरून पडले आणि त्यांच्या पायाला प्लास्टर लागलं. ते एसटीत कंट्रोलर होते. गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली यातच त्यांची नोकरी गेली, त्यामुळे पलंगावर पडून राहणं त्यांना सोसेना. त्याच वेळी माझी मुलगी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आली होती, घरूनच काम करत होती. तिने त्यांचं कुरकुरणं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मोठेबाबा, तुम्हाला एक खेळ शिकवते. तुमच्याच कामाचा आहे, नियमच नियम."

ती पुण्यात मैत्रिणींबरोबर तो खेळते. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपल्या माणसाने काय करायचं ते आपण ठरवायचं. ते जमलं की नाही, हे फासा ठरवतो. फासा वीस बाजूंचा, आवळ्याएवढा. फाशावर पडेल तो आकडा आणि कागदावरचा आकडा यांची बेरीज पुरेशी झाली की काम झालं, नाही तर फसलं. मुलीने भासऱ्यांसाठी सगळे नियम मराठीत लिहून, झेरॉक्स काढून, टाचून आणले. त्यांनी ते पोथी वाचावी तसे दोनदा वाचले आणि पेनाने खुणा केल्या.

गोष्ट सांगणारी माझी मुलगी. भासरे म्हातारे किल्लेदार झाले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तलवारबाज झाला. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि कॉलेजात असताना भाषणाच्या स्पर्धांत कप जिंकत होता. आणि मी सौदागरीण. मुलीला आश्चर्य वाटलं. "आई, तुझ्यासाठी मी वैदीण ठेवली होती. तिला फक्त जखमा बांधायच्या असतात."

"जखमा मी घरीच बांधतो," मी म्हटलं. "मले हाच कागद पायजे."

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही पुढच्या खोलीत बसायचो. भासरे पलंगावर, पोरं खुर्च्यांवर, मी स्वयंपाकघराच्या दारात खाली, पदर घेऊन.

पहिल्याच रविवारी गोष्टीत नदी आली आणि नावाडी आम्हाला पलीकडे न्यायला तयार होईना. पुतण्या खुर्चीवरून उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सुरू झाला. "नावाड्या! या नदीनं किती राजे पाह्यले, किती बुडवले! तुह्या वल्ह्याले आज इतिहास विचारून राह्यला..." तो थांबेचना. माझी मुलगी हसून हसून पलंगाच्या कडेला लागली. "बस, बस दादा! फासाच नको. घेतलं तुम्हाला नावेत."

त्याच्या कागदावर बोलणं एक होतं. एकच.

नदीपलीकडे गाव होतं. तिथल्या पाटलाकडे रात्रीचा आसरा मागायचा होता आणि ते काम सौदागरिणीचं होतं. मी मुलीच्या बाजूला तोंड करून हळूच म्हटलं, "सौदागरीण पाटलाले म्हनते का आमाले ओसरीवर झोपू द्या, बदल्यात मीठ देतो."

"आई, असं नाही. म्हणते म्हणू नको ना. तूच सौदागरीण आहेस. मी पाटील. बोलून दाखव."

"डायलॉग, काकू, डायलॉग!" पुतण्या ओरडला.

भासरे समोर होते. मी पदर पुढे ओढला आणि फरशीकडे पाहिलं. मुलीने थोडं थांबून पाहिलं आणि मग प्रेमानेच म्हणाली, "राहू दे. पाटील नाही म्हणाला." आम्ही त्या रात्री जंगलात झोपलो. गोष्टीत कडाक्याची थंडी पडली आणि इकडे कूलर घरघरत होता. मी उठले, चहा ठेवला आणि कप बशीवर वाजवला.

आठवडाभर ते मला डाचत राहिलं. कागदावर आठ असून काय उपयोग, आठ दाखवायला अंगात आठ असावे लागत असतील तर? मग शनिवारी गॅस संपला. भरलेलं सिलिंडर अंगणात होतं. पुतण्याला म्हटलं, आत आणून दे. त्याने ते वाकडं केलं, ढकललं, पायावर घेता घेता वाचला आणि शेवटी शेजारच्या पोराला हाक मारली. मी दारात उभी होते. मला एकदम हसू आलं. त्याला वाटलं मी त्याला हसते, आणि ते खरंच होतं, पण वेगळ्या कारणाने.

रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधीच मी मुलीला म्हटलं, "याच्या कागदावर ताकद सात आहे. काल याच्यानं सिलिंडर उचलल्या गेलं नाई."

"काकू!"

"थांब रे. यानं मागच्या बारीले लांडगा मारला, तवा तू याले म्हनलं का, उठ, तलवार चालवून दाखव? नाई म्हनलं. फासा टाकला अन लांडगा मेला. मंग मले काऊन म्हनते बोलून दाखव?"

मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. इतकी वाक्यं मी भासऱ्यांसमोर सलग बोललेली तिने पाहिली नव्हती. बोलत तिच्याशीच होते, म्हणून चालून गेलं. पण ती काही लगेच हटली नाही, माझीच पोर आहे. "अगं पण आई, नुसते फासेच टाकायचे तर मग सापशिडी काय वाईट? बोलण्यात तर मजा आहे. दादा उभा राहिला की गोष्ट डोळ्यांसमोर दिसते."

"दिसू दे. ज्याले मजा येते त्यानं उभं राहाव. मी काय मांगतो ते सांगीन, समोरच्यानं काऊन देवाव तेही सांगीन. तितकं मले येते. पन ते गोड लागलं का कडू, ते फाशाले ठरवू दे. माह्या कागदावर आठ आहे. तो काय शोभेसाठी लिहिला काय?"

भासरे भिंतीकडे पाहून बोलले. "पान पाचवं. बोलनं चांगलं झालं तं दोन वाढवून द्याचे, पन फासा टाकल्याबिगर काम होत नाई. नावाड्याच्या टायमालेही टाकाले पायजे होता."

"बाबा, तुमी माह्या पार्टीत आहा!"

"मी कोनाच्या पार्टीत नाई. टाइमटेबल म्हंजे टाइमटेबल."

त्या दिवसापासून तसं ठरलं. काय मागतो आणि का द्यावं हे सांगायचं, चांगलं सांगितलं तर दोन वाढवायचे, पण फासा सगळ्यांना. पुतण्याने एका पहारेकऱ्यासमोर पाच मिनिटं गर्जना केली आणि फासा तीन पडला. एक आणि दोन आणि तीन. मुलीने पहारेकरी होऊन जांभई दिली. मी एका सावकारिणीला म्हटलं, "बैल आजारी आहे, दोन दिवस ठेवून घ्या, तुमच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं आहे, मी थांबून मदत करीन." फासा चौदा. सावकारिणीने बैल ठेवून घेतला आणि वर ज्वारीही दिली.

नियमांनी खेळ कोरडा होतो, असं मुलीच्या पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात म्हणे. ज्यांना बोलता येतं त्यांना ते खरंच वाटत असेल. मला विचाराल तर नियम नसला की काय होतं ते मी उभा जन्म पाहिलं आहे. नियम नसला की ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. फाशाला माझा आवाज माहीत नाही, माझी चौथी माहीत नाही, कोण कोणाचा भासरा ते माहीत नाही. तो घरंगळतो आणि थांबतो. घरातल्या नियमांना असा फासा नसतो. ते आधीच पडलेले असतात आणि कोणी टाकले ते विचारायचं नसतं.

पण फाशावर सगळं सोडून मला सुटता येणार नव्हतं. ते मला घाटातल्या रविवारी कळलं.

गोष्टीत आम्ही घाट उतरत होतो आणि दरोडेखोर आले. लढाईत प्रत्येकाची बारी येते आणि एका बारीत एकच काम करता येतं. मुलगी म्हणाली, "मोठेबाबा, तुम्ही समोरच्या दोघांकडे पाहताय. तुमच्या मागच्या झाडावरून एक जण सुरा घेऊन उतरतो आहे. हे फक्त सौदागरिणीला दिसलं. आई, तुझी बारी."

मागे पाहा. एवढंच म्हणायचं होतं. मी मुलीकडे वळले आणि म्हटलं, "त्यायले सांग, मागं मानूस आहे."

क्षणभर कोणालाच काही वाटलं नाही, कारण घरात रोज असंच चालतं. मग पुतण्याने टाळी मारली. "निरोप! काकूनं निरोप देला! निरोप पोचवाले एक बारी जाते!"

"अरे, आई मला म्हणाली," मुलगी म्हणाली.

"अन तू इथं कोन आहे? तू तं दरोडेखोर आहे! काकूनं दरोडेखोरालेच सांगितलं का बाप्पा, त्यायच्या मागं उभा आहे म्हनून!"

भासरे इतके हसले की प्लास्टरचा पाय धरून बसले. मुलीचे डोळे हसून ओले झाले. मीही हसले. गोष्टीत मात्र सुरा किल्लेदाराच्या पाठीत गेला आणि त्यांचा अर्धा जीव कमी झाला. भासऱ्यांनी स्वतः पेन घेऊन कागदावरचा आकडा खोडला.

हसणं ओसरल्यावर मला राग आला. माणसाच्या पाठीत सुरा जातो आहे आणि त्याला हाक मारायची नाही. हा मान मी देत आले होते. कोणाच्या कामाचा होता तो?

भासरे भिंतीकडे पाहत मुलीला म्हणाले, "पोरी, तुह्या मायले सांग, खेळात आवाज द्याले हरकत नाई."

"आई, मोठेबाबा म्हणतात..."

"ऐकलं मी," मी म्हटलं. परवानगीसुद्धा निरोपानेच आली होती.

पुढच्या रविवारी आम्ही एका तटबंदीच्या नगराशी पोचलो. नगरातून गेलं तर रस्ता सरळ होता, नाही तर खालच्या दरीतून जावं लागणार होतं. दारवानाने अट घातली की तुमच्यापैकी एकाने जामीन म्हणून इथे राहायचं, बाकीच्यांनी काम करून परत यायचं आणि मग त्याला सोडवायचं.

"सोपं आहे," पुतण्या म्हणाला. "सौदागरिणीले ठेवू. तशीही ती लढाईत कामाची नाई, अन तोंडानंही काई बोलत नाई."

भासऱ्यांनी विचार केला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, ते मला माहीत आहे. "बरोबर आहे. तलवार पायजे, किल्लेदार पायजे. किल्लेदार म्हनते, सौदागरीण राहील."

मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, तसं झालं तर हे परत येईपर्यंत सौदागरीण खेळात नसेल."

ती पंधरावीस दिवसांत पुण्याला जाणार होती. रविवारी एकदा होणारा हा खेळ, हे परत कधी येणार? म्हणजे मी चहा करायला मोकळी. बाहेरून पाहणाऱ्याला ही गोष्ट एवढीशी वाटेल, वाटू दे. शेतात काय पेरायचं, कोणाला किती आहेर करायचा, पोरीला कुठे शिकायला पाठवायचं, यातलं काहीही माझ्या शब्दाने ठरलेलं नाही. रविवारची ती दुपार एवढी एकच जागा होती जिथे मी काही म्हटलं की त्याचं काही तरी व्हायचं. ती जागा माझ्या डोळ्यांसमोर दुसरे देऊन टाकत होते, आणि मला विचारलंही नव्हतं.

"फासा दे," मी मुलीला म्हटलं.

"आई, इथे फासा नाही. फाशाने दारवानाला वळवता येतं, खेळणाऱ्याला नाही. मोठेबाबांचा किल्लेदार काय करणार ते मोठेबाबाच ठरवणार. त्यांना तुलाच पटवावं लागेल."

"तेही पानावर आहे," भासरे भिंतीला म्हणाले.

ज्या नियमासाठी मी भांडले त्याने इथे माझा हात सोडला. आता ना आठ होते, ना दोन वाढवून मिळणार होते.

"मी राहत नाई," मी म्हटलं. आवाज फाटका निघाला.

"हे कोणाला सांगतेस, आई?" मुलीने विचारलं. चिडवायला नाही. गोष्ट सांगणाऱ्याला ते विचारावंच लागतं.

"त्यायले..." मी म्हटलं आणि थांबले. कोणी मदत केली नाही. मी भासऱ्यांकडे पाहिलं. ते कॅलेंडरकडे पाहत होते. "तुमाले," मी म्हटलं. "तुमाले सांगून राह्यली मी. मी इथं राहत नाई."

एकदा तोंड उघडल्यावर मग ते बंद करायला जास्त जोर लागला असता, म्हणून मी बोलत गेले. "नदीपासून तुमच्यासंगं चालून राह्यली मी. बैल मी ठेवला, ज्वारी मी आनली, तुमच्या पाठीची जखम मी बांधली. आता मले ठेवून जाता, अन मले कोनी विचारत नाई. ठेवाले मी काय पोतं आहो का? जामीन कोनी राहाचं ते मले विचारून ठरवा. मी नाई म्हनतो. बस."

चांगलं बोलले असं मी म्हणणार नाही. मध्येच श्वास लागला, एक शब्द दोनदा झाला. पुतण्याचा हात डायलॉग म्हणायला वर गेला आणि तसाच राहिला.

भासरे अजून कॅलेंडरकडेच पाहून म्हणाले, "किल्लेदार सगळ्यायत मोठा आहे. मोठ्यानं ठरवलं म्हंजे ठरलं."

"कोन्या पानावर?"

"काय?"

"मोठ्यानं ठरवलं म्हंजे ठरलं, हे कोन्या पानावर लिहून आहे? दाखवा मले."

त्यांनी चष्मा लावला. टाचलेले कागद घेतले आणि पहिल्या पानापासून पाहू लागले. बोट ओळीओळीवरून फिरत होतं. पुतण्या म्हणाला, "बाबा, हे तं समजून घ्याचं असते, लिहिलेलं थोडीच..."

"थांब बे."

शेवटचं पान झालं. ते परत मागे गेले, दोन पानं पुन्हा पाहिली. मग कागद खाली ठेवले. "नाई लिहून," ते म्हणाले, आणि हे त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं.

"मंग मी राहत नाई."

जामीन कोणीच राहायचं नाही असं ठरलं. मी दारवानाशी बोलायला गेले. या वेळी फासा होता, आठही होते, आणि फासा दोन पडला. दारवानाने दार लावून घेतलं. आम्हाला दरीतून जावं लागलं आणि उतरताना पुतण्याचा घोडा पाय घसरून मेला.

"पाहा! काकूपायी माहा घोडा गेला!"

"हो, माह्यापायीच गेला," मी म्हटलं. "चाल आता पैदल."

तेव्हा मला दिसलं की माझा नवरा दारात उभा आहे. त्याचं हायवेवर मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, दुपारी चहाला येतो. किती वेळ उभा होता कोण जाणे. चहा न घेताच परत गेला. संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघरात आला.

"दादासमोर कसं बोलून राह्यली होती तू?" दादा म्हणजे भासरे.

"मी कुठं बोलली. सौदागरीण बोलली."

"मले शिकवू नको. मायनं तुले काय सांगितलं होतं? उद्या गावात कोनी ऐकलं तं काय म्हनंल? हा खेळ बंद कर आता."

"बंद होत नाई."

"मी सांगून राह्यलो न."

"तुमी सांगा. दादा म्हनले बंद कर, तं मी त्यायलेच विचारतो, काऊन म्हनून. तोंडावर विचारतो."

याने तो जास्त घाबरला. पोळी ताटात घेतली, कोरडीच तोडून खाल्ली आणि बाहेर गेला. त्यानंतर खेळाबद्दल तो माझ्याशी बोलला नाही, आणि दुसऱ्या कशाबद्दलही दोन दिवस बोलला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, पण खेळ बंद करण्याइतकं वाटलं नाही.

मात्र मी त्याला दिलेलं पहिलं उत्तर मला आवडलं नव्हतं. सौदागरीण बोलली म्हणे. पाठीमागे कोणी तरी उभं करून मी पुन्हा निरोपच पाठवला होता.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी ओटा पुसत होते. पुतण्या झोपला होता, मुलगी कानाला हेडफोन लावून तिच्या कामाच्या मीटिंगमध्ये होती. पुढच्या खोलीतून भासऱ्यांचा आवाज आला. "सौदागरीण, पेपर आला का?"

मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. हाकेत थोडं हसू होतं. त्यांनी मार्ग काढला होता. सौदागरिणीला हाक मारली तर सासूचा शब्दही मोडत नव्हता आणि पेपरही मिळत होता. मी "आला जी, किल्लेदार" म्हटलं असतं तर घरात सगळे हसले असते. नवराही निवला असता. जन्मभर तसंच चाललं असतं.

मी हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिले. "सौदागरीण रविवारी दुपारी असते," मी म्हटलं. "आता मी आहो. काई पायजे असंल तं मले मांगा."

त्यांचं हसू गेलं. "खेळ वेगळा, घर वेगळं," ते म्हणाले. हे ते कपाटाला म्हणाले. "घरात असं चालत नाई."

"मंग पेपर तिकडंच राहू द्या," मी म्हटलं आणि आत आले.

पेपर अंगणात पडला होता. त्यांना पायामुळे उठता येत नव्हतं. मुलाला हाक मारली असती तर तो डोळे चोळत आला असता, मी वाट पाहत होते की आता मारतील. माझा ओटा पुसून झाला, मी डाळ निवडायला घेतली. हायवेवरून ट्रक जात होते. त्यांनी मुलाला हाक मारली नाही. पलंग एकदा करकरला. माझी अर्धी डाळ निवडून झाली.

"पेपर पायजे मले," आवाज आला. आणि थोडं थांबून, "तुले सांगून राह्यलो."

मी अंगणातून पेपर आणला. रोज मी तो पलंगाच्या कडेला ठेवून मागे सरते. त्या दिवशी हातात दिला. "घ्या," मी म्हटलं. त्यांनी घेतला, घडी उघडली आणि पानांचा मोठा आवाज करत वाचायला लागले, जसं काही बातम्यांवरच रागावले आहेत. रागावले असतीलही. तो त्यांचा त्यांच्यापाशी.

माझा पदर अजून डोक्यावर असतो. तो मी माझा ठेवते, आणि काढावासा वाटला तर काढीन. भासरे रोज दोन-तीन वाक्यं माझ्याशी बोलतात, कधी विसरून वरणाला सांगतात. मग मी थांबते. वरण काही मीठ आणून देत नाही.

हे मी माझ्यापुरतं लिहून ठेवते आहे, कोणाला दाखवायला नाही. उद्या रविवार आहे. आम्ही दरीत आहोत, प्यायचं पाणी संपलं आहे आणि किल्लेदार म्हणतो उजवीकडे जायचं. माझं म्हणणं डावीकडे. मी ते त्यांना सांगणार आहे.